दुसरं कोणी हात घालत नाही

वाकडं काही दिसलं की त्याचा हात तिकडे गेलाच म्हणून समजावं. भिंतीवरचं चित्र असो, टेबलावरचे कागद असोत, समोर बसलेल्या माणसाची कॉलर असो, ते सरळ झाल्याशिवाय त्याला पुढचं वाक्य सुचत नसे. ऑफिसात त्याच्या माघारी त्याला ओळंबा म्हणत, गवंडी भिंत तपासायला दोरीला बांधून सोडतात तो, आणि हे नाव त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याला राग यायच्या ऐवजी बरंच वाटलं होतं. जग वाकडं आहे आणि आपण सरळ आहोत, यावर त्याची लहानपणापासून श्रद्धा होती. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय असतं ते त्याच्या बायकोला विचारायला हवं होतं, पण तसं विचारायचं कोणाला कधी सुचलं नाही.

रुग्णालयात खाटांशेजारी जी यंत्रं टिकटिकत असतात, त्यांच्या पोटातली प्रणाली त्याचं ऑफिस लिहायचं, आणि त्या प्रणालीच्याही अगदी गाभ्यात, ज्याला ते लोक कर्नेल म्हणतात, तिथे त्याचं काम होतं. तिथला सगळा कारभार बिटांचा. बिट म्हणजे एक बटण. चालू नाहीतर बंद, तिसरी गोष्ट नाही. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेसाठी असं एक बटण होतं, आणि पेशंटचं काही बिनसलं की त्याच्या खाटेचं बटण चालू होऊन नर्सच्या टेबलावर घंटा वाजायची. आता गंमत अशी की यंत्राला एकटं बटण दाबता येत नाही. बटणांची एक लांब पट्टी असते. त्यातलं एक दाबायचं तर आधी अख्ख्या पट्टीची नक्कल उतरवून घ्यायची, नकलेत आपलं बटण फिरवायचं, आणि ती नक्कल मूळ पट्टीवर चिकटवून टाकायची. मधल्या वेळात दुसऱ्या कोणी शेजारचं बटण दाबलं असेल तर ते गेलं, कारण आपण चिकटवलेल्या नकलेत ते बंदच असतं. भांडण नाही, आवाज नाही, ज्याने दाबलं त्याला पत्ताही नाही. म्हणून जाणती माणसं हे काम ॲटॉमिक पद्धतीने करतात, म्हणजे नक्कल उतरवल्यापासून ती चिकटवेपर्यंत दुसऱ्या कोणाला पट्टीच्या आसपास फिरकू देत नाहीत. त्याला वेळ थोडा जास्त लागतो. दुसरी पद्धत साधी, झटपट, नॉन-ॲटॉमिक, आणि ती फक्त तिथेच चालते जिथे पट्टीचा मालक एकटाच असतो.

त्याने घंटेच्या पट्टीवरची ॲटॉमिक पद्धत काढून तिथे नॉन-ॲटॉमिक टाकली. यंत्र चांगलं तुरुतुरु पळायला लागलं. आणि पुढे कोणी शंका काढू नये म्हणून त्याने प्रोग्रामच्या त्या ओळीच्या डोक्यावर कॉमेंट, म्हणजे माणसांनी वाचायची टीप, लिहिली: इथे दुसरं कोणी हात घालत नाही.

त्याचं काम तपासायला एक वयस्कर इंजिनिअर होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत, कारण निम्म्या ऑफिसला त्यांनीच शिकवून तयार केलं होतं. बाई त्या ओळीपाशी बराच वेळ थांबल्या.

"हे कशावरून?"

"मी सगळं वाचलंय."

"सगळं?"

"माझ्या भागातलं सगळं."

"हात दुसऱ्या भागातून येतो रे," बाई म्हणाल्या. पण साहेबांना वेग हवा होता, आणि वेग तर समोर दिसत होता. तेव्हा बाईंनी चष्मा पुसला आणि पुढे जाऊ दिलं.

घरातही त्याचा हाच कायदा होता. वस्तूंच्या जागा त्याने ठरवलेल्या, आणि त्या ठरलेल्या जागांमध्ये दुसऱ्या कोणी हात घातलेला त्याला खपत नसे. घर नवीन घेतलं तेव्हा त्याची थोरली बहीण बघायला आली होती. खोड एकाच घराण्यातली. ताईने खोलीन् खोली फिरून कोपऱ्याकोपऱ्याला नावं ठेवली आणि जाता जाता दाराजवळची फ्रेम सरळ केली. ती आधीच सरळ आहे असं त्याचं म्हणणं पडलं. शब्दाने शब्द वाढला, "तुझ्या घरी जाऊन लाव काय लावायचंय ते" असं तो बोलून गेला, आणि ताई चहाचा कप तसाच ठेवून निघून गेली ती पुन्हा त्या दारात आली नाही. तेव्हा त्याच्या मुलीची अजून चाहूलही नव्हती. लग्नाला पुष्कळ वर्षं होऊन गेली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, बायकोने रस्त्यात दुसऱ्यांच्या मुलांकडे बघणंसुद्धा सोडून दिलं होतं, आणि मग एके दिवशी कोणाचीच अपेक्षा नसताना ही मुलगी झाली. पाळण्यात पडल्या पडल्या पाय असे काही झाडायची की बायकोने तिचं नाव भिंगरी पाडलं. तिच्यापायी बायको सगळं सोसायची, त्यालासुद्धा.

पहिली खोट दिसली ती टेबलाच्या निमित्ताने. एका दुपारी बायकोचा फोन आला की जेवणाचं टेबल तिने खिडकीशी सरकवलंय, तिथे उजेड छान येतो, भिंगरीला भरवताना बरं पडतं, रागावू नका. तो रागावला. संध्याकाळी घरी आला तेव्हा दारातलं पायपुसणं तिरकं पडलं होतं. ते त्याने बुटाच्या टोकाने सरळ केलं आणि मान वर केली. टेबल आपल्या जुन्या जागी होतं.

"लगेच परत ठेवलंस वाटतं?"

"काय?"

"टेबल."

"मी कशाला हलवू? तुम्हाला चालतं का कधी?"

तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. फोन केला होता का, तर हो, दूध आणा म्हणून सांगायला केला होता ना. बायको घाबरली आणि तिने टेबल मुकाट्याने जागेवर नेलं, असा त्याने अर्थ लावला, आणि त्या अर्थाने तो मनातून सुखावला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऑफिसात जेवायला बसला असताना पुन्हा फोन वाजला. बायको हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. "चालली हो, चालली. कपाट सोडून सरळ माझ्याकडे आली, धपकन पडली आणि हसायला लागली. या ना लवकर आज." त्याने "बरं" म्हणून फोन ठेवला. समोरचा डबा त्याने अर्ध्यावरच बंद केला. आनंदाने नव्हे. पोर आपली, घर आपलं, आणि पहिलं पाऊल मात्र आपल्या पाठीमागे पडलं, हे त्याला दातात अडकल्यासारखं टोचत राहिलं.

संध्याकाळी त्याने पायपुसणं सरळ केलं, आत आला, आणि भिंगरी रांगत पुढे आली.

"चालून दाखव की," तो म्हणाला.

बायको भाजी चिरत होती. तिचा हात थांबला. शेजारच्या, नात्यातल्या, तिच्या बरोबरीच्या सगळ्यांची मुलं केव्हाच चालायला लागली होती, आणि भिंगरीचं अजून रांगणंच चाललेलं होतं. तिच्या मनातली ही दुखरी जागा त्याला ठाऊक होती.

"मुद्दाम बोलता का असं?" तिने विचारलं, आणि तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. तेच हसणं, तेच रडणं, तेच शब्द. "चालली हो, चालली."

ज्याचा जन्म त्या पट्ट्यांमध्ये गेला होता त्याला काय ते ओळखायला फार वेळ लागला नाही. सकाळी निघताना तो घराकडे पाहायचा, आणि जे पाहायचा त्याची नक्कल बरोबर घेऊन जायचा. दिवसभर घरात माणसं जगायची, वस्तू हलायच्या, पोर मोठी व्हायची. संध्याकाळी तो यायचा, कशाकडेही न बघता दारातली एक क्षुल्लक वस्तू सरळ करायचा, आणि त्या एका हालचालीबरोबर सकाळची अख्खी नक्कल घरावर चिकटवली जायची. मधलं सगळं पुसलं जायचं, बायकोच्या डोक्यातलंसुद्धा. त्याने तपासूनही पाहिलं. बायकोला टेबल सरकवून ठेवायला सांगितलं, संध्याकाळी खिशात हात घालून उंबऱ्यावर उभा राहिला, सगळीकडे नजर फिरवली, आणि मगच पायपुसण्याला पाय लावला. टेबल खिडकीशीच राहिलं. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. मागच्या गॅलरीत बायको कुंड्यांची काहीबाही उलथापालथ करायची. त्या कुंड्यांकडे तो वर्षानुवर्षं बघत नसे, आणि तिथलं मात्र जसंच्या तसं टिकून राही. जे त्याने पाहिलेलं नसे ते त्याच्या नकलेत नसे, आणि जे नकलेत नसे ते त्याला परत ठेवता येत नसे.

खरं तर त्याला भीती वाटायला हवी होती. कोणाही भल्या माणसाची झोप उडाली असती. त्याला जे वाटलं ते भीतीपेक्षा मालकीच्या जवळचं होतं.

म्हणजे भिंगरीने चालायला लागावं यासाठी त्याने करायचं ते एवढंच होतं: दारात थांबायचं, कशाला हात लावायच्या आधी पोरीकडे बघायचं, आणि ती चालत असेल तर चालू द्यायची. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. जिना चढताना रोज तो याचा विचार करायचा, नाही असं नाही. पण बघितलं तर तिचं पहिलं पाऊल कायमचं आईच्या खात्यात जमा होणार होतं. पुढे जन्मभर बायको सांगत राहणार, ही पहिल्यांदा चालली ना, तेव्हा घरात मी एकटीच होते, हे नव्हतेच. पाहुण्यांपुढे सांगणार, तिच्या लग्नात सांगणार. पहिलं ते पहिलं. दुसऱ्या पावलाला कोण विचारतं? तेव्हा ते आपल्यासमोर पडेपर्यंत पुसत राहायचं, असं त्याने ठरवून टाकलं, आणि आपण पोरीचं काही वाईट करतोय असं त्याला एकदाही वाटलं नाही. थोडी उशिरा चालेल, त्यात काय बिघडलं?

सुट्टीच्या दिवशी तो जमिनीवर बसायचा, समोर हात पसरायचा आणि म्हणायचा, "ये." भिंगरी कपाटाला धरून उभी राहायची, त्याच्याकडे टक लावून बघायची आणि खाली बसायची. एकदा त्याने ऑफिसातून सलग रजा काढली. रोज तिला उभी केली, पावलं एका रेषेत आहेत का पाहून आपल्या हाताने ती सरळ लावली, आणि मागे सरकून वाट पाहत बसला. ती ओठ काढून रडायला लागे आणि आईकडे रांगत जाई. "घाई नका करू हो तिला," बायको म्हणायची. रजा संपली, तो ऑफिसात गेला, आणि दुपारी फोन वाजला. "चालली हो, चालली."

दिवसामागून दिवस असे गेले. दुपारी बायको जगातली सगळ्यात सुखी बाई असायची आणि रात्री भरलं ताट तसंच सारून उठायची. तिने डॉक्टर केले. डॉक्टरांनी भिंगरीचे पाय दाबून पाहिले आणि सांगितलं, पायात चांगला जोर आहे, कशी चालत नाही याचंच नवल वाटतं. बायकोने त्याचा अर्थ आपल्याच हातून काही चुकतंय असा घेतला. खरं काय ते त्याला माहीत होतं. एका वाक्याने, किंवा एका वाक्याशिवायही, तो तिची सुटका करू शकला असता. त्याऐवजी तो म्हणाला, "सारखी कडेवर घेऊन बसतेस, मग कशी चालेल?" दुसऱ्या दिवसापासून तिने भिंगरीला कडेवर घेणं सोडलं. पोर पायाशी येऊन हात वर करायची आणि आई दुसरीकडे बघायची. दुपारच्या फोनवर मात्र तिने पोरीला उचलून घेतलेलं असायचं, पोरीचा श्वास फोनमध्ये ऐकू यायचा. तो "असं?" म्हणायचा, "वा" म्हणायचा, आणि जेवत राहायचा.

एका संध्याकाळी जिना चढून वर येईतो त्याला आतून आवाज आला. सँडल घातलेल्या चिमुकल्या पावलांचा, थप थप थप, मध्येच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा, आणि त्याच्यामागे बायकोच्या टाळ्या. ती पहिल्या पावलाची अडखळ नव्हती. पोर चांगली घरभर धावत होती. आवाज दाराकडे यायला लागला. तिला त्याची चाहूल लागली असावी. तो दाराशी थांबला. नजर वर करायचा अवकाश होता, पोर त्याच्या गुडघ्यांना येऊन भिडली असती, आणि एरवी कधी नाही ते त्याला क्षणभर खरंच हवंसं वाटलं. मग त्याने खाली बघून पायपुसणं सरळ केलं. आवाज बंद झाला. आत गेला तेव्हा भिंगरी कपाटाशी बसलेली होती, आणि बायको टाळीसाठी उचललेले हात तसेच धरून, आपण हे कशासाठी उचलले होते, असा चेहरा करून उभी होती.

त्या दिवसापासून तो संध्याकाळी पायपुसणं सरळ करून आत आला की आधी पोरीच्या पायांकडे बघायचा. सकाळी निघतानाही पायांकडेच. ती अजून चालत नाही ना, एवढी खात्री पटली की त्याचं काम झालं.

अशात एक दिवस सकाळी सकाळीच बाईंचा फोन आला. एका रुग्णालयातून तक्रार आली होती. रात्रीतून एक म्हातारे गृहस्थ गेले. त्यांच्या यंत्राने घंटेचं बटण दाबलं होतं, त्याची यंत्रात नोंद होती, पण घंटा वाजली नाही. नर्स टेबलापाशीच बसून होती. तो फोनवर बाईंशी भांडत भांडतच घरातून निघाला. ऑफिसात बाईंनी त्याला शेजारी बसवलं. त्या पहाटेपासून तिथेच होत्या.

"सापडला हात," त्या म्हणाल्या.

"माझ्या भागात कोणी नाहीये."

"तुझ्या भागात नाहीच. हा दुसऱ्या भागातला जुना प्रोग्राम आहे, तू येण्याच्या आधीचा. तो कधीतरी येतो, पट्टीची नक्कल घेतो आणि झोपून जातो. खूप दिवसांनी जागा झाला की तीच जुनी नक्कल चिकटवतो आणि आपलं एक बटण फिरवून जातो. पूर्वी त्याला कोणी आत येऊ देत नव्हतं. तू दार काढून ठेवलंस."

"क्वचितच होत असेल हे."

"एकदाच झालं," बाई म्हणाल्या. "त्या माणसाचा मुलगा खाली बसलाय. त्याला काय सांगायचं ते तू सांग."

तो गेला नाही. ओळ आपली असली तरी तपासली बाईंनी होती, याची त्याने साहेबांना आठवण करून दिली, आणि दुपारपर्यंत ते प्रकरण बाईंच्या गळ्यात नीट बसवून तो जेवायला उठला. तेवढ्यात फोन वाजला. रोजच्यासारखं "असं?" म्हणायच्या तयारीने त्याने तो उचलला.

"अहो, कोण आलंय सांगा," बायको म्हणाली. आवाजात कौतुक होतं. मागे भिंगरी जमिनीवर बसून वाटी आपटत होती, ठण ठण. "ताई आल्यात. राग सोडून आल्यात. भाची बघायची म्हणाल्या. आत्ता दारातच आहेत, चपला काढतायत."

मागून ताईचा आवाज आला, तोच, कोपऱ्याकोपऱ्याला नावं ठेवणारा. "अगं, ही फ्रेम अजून वाकडीच का?"

"तिला हात लावू देऊ नकोस," तो म्हणाला.

"कोणाला?"

"ताईला. फ्रेमला. आधी तिला आत ने. आधी भिंगरीकडे बघू दे—"

वाटीचा आवाज थांबला. अर्धा ठोका पडला आणि दुसरा अर्धा पडलाच नाही.

"केली हो त्यांनी सरळ," बायको म्हणाली. तिचा आवाज तोच होता, पण त्यातून काहीतरी निघून गेलं होतं; जुना, सपाट, कशाचीच वाट न बघणारा तो आवाज त्याने पुष्कळ वर्षं ऐकलेला होता. "बरं झालं, ताई पहिल्यांदाच घर बघायला आल्यात. तुम्ही जरा लवकर या."

"भिंगरी काय करतेय?"

"कसली भिंगरी?"

तो पायात येईल ते तुडवत जिना उतरला. खाली बाकावर एक माणूस मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. त्याने याच्याकडे आशेने पाहिलं, आणि हा त्याच्या अंगावरून धावत बाहेर पडला. टॅक्सीत बसल्यावर मात्र त्याचं डोकं चालायला लागलं. ताईने आपली जुनी नक्कल चिकटवली होती, ज्या नकलेत पोरीची जागा रिकामी होती. पण सकाळची नक्कल त्याच्याजवळ होती. ती ताजी होती. त्याने घरात काही बघता कामा नये. बघितलं की आत्ताचं घर नकलेत येणार, आणि मग संपलं. डोळे मिटून जायचं, दारात एक वस्तू सरळ करायची, की सकाळ परत. रोज जे तो हौसेने करत आला होता तेच एकदा करायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कोणाची तरी प्रार्थना केली, आणि ती आपल्या खोडीची होती.

जिन्याच्या शेवटच्या वळणावर त्याने डोळे मिटले आणि कठडा धरून वर गेला. बेल वाजवली. दार उघडल्याचा आवाज आला.

"इतक्या लवकर?" बायको म्हणाली. "आणि डोळ्यांना काय झालं?"

"काही नाही. बोलू नका कोणी."

"अजून तस्साच आहे हा," ताई मागून म्हणाली.

त्याने चाचपडत पाय पुढे केला. पायपुसण्याची कड बुटाला लागली. आता फक्त सकाळ आठवायची होती. त्याने सकाळ डोळ्यांसमोर आणली. कानाशी फोन, फोनमध्ये बाई, आणि तो एका हाताने बूट चढवतोय. बायको भिंगरीला घेऊन दारापर्यंत आली होती. "बाबांना टाटा कर," ती म्हणत होती. पोरीने दोन्ही हात पुढे केले होते, हे त्याला जाणवलं होतं, कारण तिची बोटं त्याच्या बाहीला लागली. आणि तो बघत होता चपलांच्या मांडणीकडे. तिथे भिंगरीच्या लाल सँडल एकीवर एक पडल्या होत्या. त्याने वाकून त्या शेजारी शेजारी लावल्या, पट्टे आत वळवले, "या घरात एक वस्तू जागेवर असेल तर शपथ" असं म्हणाला, आणि निघाला. त्याने मान वर केली नव्हती. आज घाईत पायांकडेसुद्धा बघितलं नव्हतं.

तो कालच्या सकाळकडे गेला, परवाच्या, त्याच्या मागच्या. सगळीकडे पाय होते. पांढुरके, गोबरे, जमिनीवर पसरलेले, न चालणारे पाय. त्यांच्या वर काय होतं ते त्याला आठवेना. केस कपाळावर यायचे की नाही? हसताना कोणता गाल आधी वर जायचा? बायको शेजारीच उभी होती. तिला विचारावं असं त्याला वाटलं, आणि मग तिला विचारून उपयोग नाही हे लक्षात आलं.

घरात कुठेही कसलाही आवाज नव्हता. शेवटी त्याने पाय हलवला, पायपुसणं सरळ केलं आणि डोळे उघडले.

मांडणीवर लाल सँडलचा जोड होता. शेजारी शेजारी, पट्टे आत वळवलेला, अगदी सरळ.

तो कुठे बघतोय म्हणून बायकोनेही तिकडे पाहिलं. वर्षानुवर्षं ज्या गोष्टींवरून तिने नजर काढून घ्यायची सवय केली होती त्यातलीच ही एक, पण या वेळी तिला ते जमलं नाही. ती पुढे झाली, एक सँडल उचलून तळहातावर ठेवली, मग उलटी करून, त्याने कधीच न पाहिलेल्या तिच्या तळावरून बोट फिरवलं.

"कोणाची हो ही?" ती ताईला म्हणाली. "बघा ना, पार झिजलीय. किती चालली असेल पोर."